संगणक सुरू होतानाच डिफ्रॅग: कोणत्या फायलींसाठी, कसं आणि कधी नाही

डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे एका जागी सलग मांडणं म्हणजे डिफ्रॅग. विंडोज चालू असताना हार्ड डिस्कवरच्या बहुतेक फायली एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येतात. काही मात्र हलत नाहीत: पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा), हायबरनेशनची फाइल (बंद करताना रॅममधलं जिथे साठवलं जातं ती), रजिस्ट्रीच्या फायली (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा), इव्हेंट लॉग (घडामोडींची नोंदवही). या विंडोजने स्वतःच उघडून धरलेल्या असतात, त्यामुळे नेहमीचं डिफ्रॅग त्यांना वळसा घालून पुढे जातं. त्यांचे तुकडे जोडायचे तर विंडोज पूर्ण उभं राहण्याआधीच काम उरकावं लागतं. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर चेक डिस्क ज्या टप्प्यावर चालतं, तोच हा टप्पा. यालाच बूट टाइम डिफ्रॅग म्हणतात.

सेवा केंद्र, कृषी केंद्र, ग्रामपंचायत, शाळा अशा ठिकाणी आठ-दहा वर्षं जुने, फिरत्या डिस्कचे संगणक अजून भरपूर आहेत. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) असेल तर शेवटचा भाग तेवढा वाचा, बाकीचं तुमच्या कामाचं नाही.

फायदा किती, ते आधी मोजून घ्या. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्धा फेरा फिरायला सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात आणि हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) सरकायला साधारण ८ ते १० मिलिसेकंद. म्हणजे दर तुकड्याला १३ मिलिसेकंद धरा. दहा एकर जमीन पाच ठिकाणी विखुरलेल्या कास्तकाराचा वेळ वावरात कमी आणि या वावरातून त्या वावरात जाण्यातच जास्त जातो, तसंच इथे होतं. पेजफाइलचे ३०० तुकडे झाले असतील तर ती एकदा पूर्ण वाचताना जवळपास ४ सेकंद नुसते ये-जा करण्यात जातात. रजिस्ट्रीच्या फाइलचे ४० तुकडे असतील तर अर्धा सेकंद. संगणक सुरू व्हायला चार मिनिटं लागत असतील, तर नुसत्या बूट टाइम डिफ्रॅगने तो एका मिनिटावर येणार नाही. तसं सांगणारा माणूस सॉफ्टवेअर विकतो आहे, एवढं समजून घ्या. खरा फरक पडतो तो डिस्कवर सलग मोकळी जागा तयार केल्याने. बूट टाइम डिफ्रॅग ही त्या कामाची शेवटची आणि सगळ्यात छोटी पायरी आहे, आणि ती एकदाच करायची असते.

आधीचा वेळ नोंदवून ठेवा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स आणि ऑपरेशनल असं जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत संगणक सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. तीन वेळा रीस्टार्ट करून तीन आकडे लिहून घ्या. काम झाल्यावर पुन्हा तीन घ्या. ‘आता फास्ट वाटतंय’ या वाटण्यावर विसंबू नका.

हात लावण्याआधी

डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडलं की निळा, पिवळा किंवा लाल रंग दिसतो. रंगापेक्षा तीन ओळी महत्त्वाच्या: ०५, सी५ आणि सी६, म्हणजे बदललेले, संशयित आणि न वाचता येणारे सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे). या ओळींपुढचा कच्चा आकडा शून्य असला पाहिजे. हा आकडा सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत दिसतो, म्हणजे तिथला १० हा खरा १६ असतो. सी५ किंवा सी६ मध्ये काही आलं असेल तर डिफ्रॅग करूच नका. खराब होत चाललेल्या डिस्कवर लाखो वेळा वाचायला-लिहायला लावणं म्हणजे तिला लवकर संपवणं. अशा डिस्कमधला डेटा काढून घ्या आणि डिस्क बदला.

तब्येत चांगली असली तरी बॅकअप घ्याच. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर, स्कॅन केलेले कागद, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. रीस्टोर पॉइंटच्या (विंडोजने जपून ठेवलेल्या आधीच्या स्थितीच्या) भरवशावर राहू नका. डिफ्रॅग करताना खूप फायली हलल्या की विंडोज जुने रीस्टोर पॉइंट स्वतःहून उडवू शकतं.

मग येतो लाइनचा प्रश्न. ज्या गावात गावठाणाची आणि शेतीची लाइन वेगळी नाही, तिथे थ्री फेज आली की मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. शेतीच्या लाइनचं वेळापत्रक पाहूनच वेळ ठरवा. डिफ्रॅग चालू असताना लाइन गेली तर एनटीएफएसवर (डिस्कवर फायली मांडायची विंडोजची पद्धत) शक्यतो फाइल हरवत नाही. आधी नव्या जागी कॉपी होते, मग नोंद बदलते, आणि त्या बदलाची वहीही वेगळी ठेवली जाते. धोका असतो तो डिस्कला. हेड झटक्यात मागे घ्यावं लागतं, आणि त्याच क्षणी लिहिला जाणारा सेक्टर अर्धवट राहू शकतो.

६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॅट-तास होते, पण एकदम जास्त करंट ओढला की एवढी मिळत नाही. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून चांगल्या बॅटरीवर १० ते १५ मिनिटं धरा. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर त्याहून कमी. बूट टाइम डिफ्रॅग एवढ्यात सहसा बसतं. ५०० जीबीच्या डिस्कचं पूर्ण डिफ्रॅग बसत नाही, त्याला दोन-चार तास सहज लागतात. घरगुती इन्व्हर्टरवर संगणक असेल तर त्याचा खटका यूपीएस मोडवर असल्याची खात्री करा. दुसऱ्या मोडवर लाइन बदलताना जास्त वेळ जातो आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी.

एप्रिल-मे महिन्यांत हे काम दुपारी काढू नका. बहुतेक हार्ड डिस्कना कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ६० अंशांची असते. बाहेर ४५ अंश आणि वर टिनाचं छत असेल, तर तास-दोन तास सतत काम करणारी डिस्क त्या मर्यादेजवळ जायला वेळ लागत नाही. पहाटे करा, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तापमान ५० च्या पुढे गेलेलं दिसलं तर थांबवा. कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ ब्लोअरने काढा. जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू पंख्याला गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने काढावे लागतात. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. हवा थंड असली तरी ओली असते.

सलग जागा करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. सी ड्राइव्ह ९० टक्क्यांच्या वर भरला की नवी फाइल ठेवायला एक मोठा मोकळा पट्टा मिळत नाही. मग पेजफाइल वाढताना जिथे बोळ मिळेल तिथे शिरते. सेवा केंद्रात दिवसभर दाखले, सात-बारा, आधारच्या प्रती स्कॅन होतात आणि काही पुसल्या जातात, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फायली साचतात. जुलैत पीक विम्याच्या गर्दीनंतर डिस्कची अवस्था चाळणीसारखी असते.

पूर्ण डिफ्रॅगला किमान १५ टक्के जागा मोकळी हवी. व्यवहारात २० ते २५ टक्के ठेवा. डिस्क क्लीनअप चालवा, त्यात सिस्टिम फायलींचाही पर्याय घ्या. जुने स्कॅन वर्षाप्रमाणे फोल्डर करून डी ड्राइव्हवर किंवा बाहेर हलवा. रीसायकल बिन रिकामी करा. टेंप फोल्डर पुसायला हरकत नाही, पण प्रीफेच फोल्डरमधलं सगळं पुसण्याची जी युक्ती जो तो सांगत असतो, ती करू नका. संगणक सुरू होताना कोणत्या फायली कोणत्या क्रमाने लागतात याची नोंद तिथेच असते, आणि त्या फायली जवळजवळ मांडायला विंडोज हीच नोंद वापरतं. ती पुसली की पुढचे काही वेळा संगणक आणखी हळू सुरू होतो.

आता कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच घाला. तिरपी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची.

पहिली कमांड डिस्कवरच्या नोंदींतल्या चुका सुधारते: सीएचकेडीएसके सी: /एफ. ती विचारेल की पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का. वाय दाबा आणि रीस्टार्ट करा. ही पायरी गाळली आणि डिस्कवर आधीपासून ‘गडबड आहे’ अशी खूण असली, तर डिफ्रॅग सुरूच होत नाही.

दुसरी कमांड फक्त पाहणी करते, काही हलवत नाही: डीफ्रॅग सी: /ए /व्ही. अहवालात बऱ्याच ओळी येतात, त्यातल्या तीन वाचा. एकूण किती टक्के तुकडे झालेत ती एक. न हलणाऱ्या फायली किती ती दुसरी. सगळ्यात मोठी सलग मोकळी जागा किती, ती तिसरी आणि सगळ्यात कामाची. पेजफाइल ६ जीबीची ठेवायची असेल आणि सगळ्यात मोठा मोकळा पट्टा २ जीबीचाच असेल, तर जगातलं कोणतंही बूट टाइम डिफ्रॅग ती फाइल एकसंध करू शकणार नाही. अहवालाच्या शेवटी एक टीपही असते: ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे या मोजणीत धरलेले नाहीत. ते बरोबरच आहे, एवढ्या मोठ्या तुकड्यांमुळे वेग घटत नाही. त्यामुळे टक्केवारी शून्य यावी म्हणून पुन्हा पुन्हा डिफ्रॅग करत बसू नका.

मोठ्या दोन फायली सॉफ्टवेअरशिवाय

पेजफाइल आणि हायबरनेशन फाइल यांना जोडण्यापेक्षा पुसून नव्याने सलग जागेत बनवणं सोपं. आणि यासाठी कोणतंही बाहेरचं सॉफ्टवेअर लागत नाही.

हायबरनेशन बंद करा: पॉवरसीएफजी /एच ऑफ. फाइल लगेच जाते. विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमला ३ जीबीहून जास्त जागा मोकळी होते.

मग विंडोजचं बटण आणि आर दाबून रनमध्ये एसवायएसडीएम.सीपीएल लिहा. ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सचं सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीचं चेंज. वरची ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण काढा, सी निवडा, ‘नो पेजिंग फाइल’ करा आणि सेट दाबा. सेट न दाबता ओके केलं तर काहीच बदलत नाही, आणि नेमकं हेच बहुतेकांचं राहतं. रीस्टार्ट करा. या अवस्थेत ब्राउझर किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडू नका. ४ जीबी रॅमवर मेमरी संपून ते मध्येच बंद पडेल.

आता अँटिव्हायरसचं स्कॅन थांबवा, पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा आणि पूर्ण डिफ्रॅग चालवा: डीफ्रॅग सी: /यू /व्ही /एच. यात यू प्रगती दाखवतो आणि एच कामाला नेहमीचा अग्रक्रम देतो. ते झालं की डीफ्रॅग सी: /एक्स चालवा, त्याने मोकळ्या जागा एकत्र येतात. विंडोज १० वर शेवटी डीफ्रॅग सी: /बी द्या. सुरू होताना लागणाऱ्या फायली जवळ मांडायचं काम ही कमांड करते. पुन्हा /ए /व्ही चालवून सगळ्यात मोठा सलग पट्टा पाहा.

पट्टा पुरेसा झाला की पेजफाइल परत बनवा. ‘कस्टम साइज’ घ्या आणि सुरुवातीचा व कमाल दोन्ही आकडे एकच द्या. ४ जीबी रॅमला ६१४४, ८ जीबीला ४०९६ एमबी पुरतात. दोन्ही आकडे सारखे असले की फाइल पुढे वाढत नाही, म्हणून तिचे नवे तुकडे पडत नाहीत. सेट दाबा, रीस्टार्ट करा आणि मग पॉवरसीएफजी /एच ऑन द्या.

हायबरनेशन परत चालू करणं विसरू नका. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ त्याच फाइलवर चालतं. शट डाउन करताना विंडोजचा गाभा त्या फाइलमध्ये ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच वाचला जातो. फिरत्या डिस्कवर ही फाइल सलग असणं हे रजिस्ट्री सलग असण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

उरलेल्या फायली, सुरू होताना

आता फक्त रजिस्ट्री आणि इव्हेंट लॉग राहिले. विंडोज ७ ते १० वर डिफ्रॅगलर हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. त्याला बऱ्याच वर्षांत नवी आवृत्ती आलेली नाही, पण या कामाला पुरेसं आहे. मूळ कंपनीच्या साइटवरूनच घ्या. मोठ्या हिरव्या डाउनलोड बटणांच्या साइटवरून घेतलं तर सोबत आणखी चार सॉफ्टवेअर येतात आणि संगणक होता त्याहून हळू होतो. सेटिंग्जमध्ये ‘बूट टाइम डिफ्रॅग’ आहे. तिथे ‘रन वन्स’ निवडा. ‘एव्हरी टाइम’ निवडलं तर रोज सकाळी सुरू व्हायचा वेळ वाढतो आणि मिळत काही नाही, कारण या फायली एका दिवसात पुन्हा विस्कटत नाहीत.

मग रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा बटण दाबलं तर फास्ट स्टार्टअपमुळे गाभा जुनाच परत येतो, तो टप्पा येतच नाही आणि डिफ्रॅग झालंच नाही असं होतं. ‘लावलं पण चाललं नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

पडद्यावर अक्षरं येतील, फायलींची नावं सरकतील. माउस चालणार नाही. काही मिनिटांत विंडोज पुढे जातं. पडदा स्थिर दिसला तरी कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, पॉवरचं बटण दाबू नका. दिवा अर्धा तास एकसारखा पेटलेला किंवा पूर्ण विझलेला असेल, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तरच बटण पाच सेकंद दाबून बंद करा.

बंद-चालू केल्यावर दर वेळी तोच पडदा येऊन अडकत असेल, तर सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत टाकलेली ओळ काढावी लागते. विंडोज ७ किंवा एक्सपी असेल तर सुरू होताना एफ८ दाबून ‘लास्ट नोन गुड’ निवडा, ती ओळ तेवढ्यानेच जाते. विंडोज आत येत असेल तर रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर असं जाऊन बूटएक्झिक्यूट उघडा. मुळात तिथे एकच ओळ असते: ऑटोचेक ऑटोसीएचके आणि पुढे एक तारा. ती ठेवून बाकीची काढा. काही बदलण्याआधी मोबाइलने त्या खिडकीचा फोटो घ्या.

एक्सपीवर अजूनही एखादं वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर चालवावं लागत असेल, तर तिथे सिसइंटर्नल्सचं पेजडिफ्रॅग वापरा. ते कोणत्या सिस्टिम फाइलचे किती तुकडे आहेत ते थेट दाखवतं. ‘नेक्स्ट बूट’ निवडा. व्हिस्टा आणि त्यापुढच्या विंडोजवर ते चालत नाही. एक्सपीचा संगणक इंटरनेटला जोडू नका.

एवढं करूनही वेळ फारसा कमी झाला नाही तर टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा टॅब पाहा. प्रिंटरचे मदतनीस, अपडेटर, चॅटची सॉफ्टवेअर बंद करा. बोटाचे ठसे घेणाऱ्या मशीनची आरडी सर्व्हिस मात्र बंद करू नका, नाहीतर पहिल्याच ग्राहकाचं आधार प्रमाणीकरण अडेल. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा.

एसएसडी असेल तर

‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ ही खिडकी उघडा, ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट’ की ‘हार्ड डिस्क’ ते लिहिलेलं असतं. एसएसडीमध्ये हेड नाही, फिरणं नाही, त्यामुळे तुकडे जोडून वाचवण्यासारखा वेळच नाही. वर दरवेळी लिहिण्याने तिचं आयुष्य मात्र घटतं. तिला लागतं ते ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं. एफएसयूटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय अशी कमांड द्या, उत्तर शून्य आलं तर ट्रिम चालू आहे. बाहेरच्या सॉफ्टवेअरचं बूट टाइम डिफ्रॅग आधी कधी लावलेलं असेल, तर डिस्क बदलून एसएसडीवर क्लोन करण्यापूर्वी ते ‘डिसेबल्ड’ करा. नाहीतर ती सेटिंग क्लोनबरोबर नव्या डिस्कवर येते आणि तिथेही चालत राहते.